इथे सही कर

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत ताणायला मंजुरी दिली. विश्रांती ५ तासांऐवजी ६ तासांनी. तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ वर. उगाच कोणी जुलूम म्हणायला नको, म्हणून सोबत एक अट: जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी. किती ही काळजी!

आता ही संमती कशी मिळते ते बघा. भरतीच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस कागदांचा गठ्ठा पुढे सरकवतो. पीएफचा फॉर्म, ईएसआयचा फॉर्म, आधारची झेरॉक्स, त्यातच मध्ये कुठेतरी संमतीपत्र. ‘इथे सही कर, इथे, आणि इथे.’ मागे रांगेत आणखी वीसजण उभे. अशा वेळी ‘जरा वाचू द्या’ म्हणणाऱ्याचा गेटपास बनेल, असं ज्याला वाटतं त्याने एमआयडीसी लांबूनच पाहिलेली असावी.

सही झाली की हा कामगार मशीनवर उभा राहतो. पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच डाय खाली यावी, म्हणजे बोटं सलामत. टार्गेट गाठायचं म्हणून त्यातलं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं जातं, हे शॉपफ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक असतं. अशा मशीनवर अकराव्या तासाला माणूस डुलक्या देत उभा असतो. बोट गेलं की अहवालात कारण पडतं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पाळी किती तासांची होती, हे कोण विचारतो?

याच राज्यात, मुंबईत, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तेव्हाच्या मालकांना संमतीपत्र सुचलं नाही, बिचारे मागासलेले.

सरकार म्हणतं, आज चोरून होणारा ओव्हरटाइम यामुळे कागदावर येईल, त्याचा दुप्पट मोबदला मिळेल. यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण मग संमतीही खरी असू द्या. ती ठेकेदाराच्या टेबलावर नको, दर तिमाहीला सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर घ्या. कामगाराला ती कधीही मागे घेता यावी. आणि नकार दिला म्हणून कोणाला कामावरून काढलं, तर मालकावर गुन्हा. ही तीन कलमं घाला, साहेब; मग १२ तासांचं बोलू.