शंभर टक्के लढवय्ये

मराठी मनात नांदणाऱ्या लढवय्या राज्याची शिरगणती कोणी केलीच, तर तिचे निष्कर्ष अर्थशास्त्राला चक्रावून टाकतील. कारण सरदार, शिलेदार, किल्लेदार आणि त्यांचे शूर चुलतबंधू मिळून त्या राज्याची लोकसंख्या शंभर टक्के भरते, आणि गडावर गवताचा भारा नेणारा, तोफ ओढणारा किंवा मेण्याला खांदा देणारा एकही इसम यादीत सापडत नाही. दूरचित्रवाणीच्या ऐतिहासिक मालिकांत तट पहिल्या भागापासूनच बांधलेले असतात, तर मोबाइलवरील लढायांच्या खेळात ते बोट टेकवताच उभे राहतात, आणि तेथील चिमुकले मजूर खेळणाऱ्याला तोंड न दाखवता दगड वाहत राहतात.

अठराव्या शतकातील मराठी राज्याचे दप्तर इतके शूर नाही. त्यात वेठ, म्हणजे सरकारने किंवा वतनदाराने मोबदल्याविना अथवा नाममात्र शिध्यावर सक्तीने करून घेतलेले काम, वारंवार भेटते: गडासाठी गवत कापणे, सरपण आणणे, तटाची डागडुजी करणे, सरकारी ओझी पुढच्या गावापर्यंत पोचवणे. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांना हे वैभव विशेष लाभे, आणि गावातही ते जातीच्या उतरंडीवरून घरंगळत बहुतांशी महारांच्या खांद्यावर येऊन थांबे. ज्याचे दरबारी वजन असे त्याच्या सनदेत वेठबेगारीची माफी लिहून मिळे; माफी म्हणजे काम रद्द झाले असे नव्हे, ते दुसऱ्याने करायचे, एवढे समजण्यासाठी कोणा कारकुनाला शास्त्र्यांकडे जावे लागत नसे. कुणबिणींची, म्हणजे घरकामाला ठेवलेल्या गुलाम स्त्रियांची, खरेदी-विक्रीही याच दप्तरात नोंदलेली आहे. मालिकेत त्यांना दासी म्हणतात. त्या तबक घेऊन रांगेत उभ्या असतात आणि त्यांची साडी बऱ्यापैकी भरजरी असते.

पेशवाई बुडाली, तरी खांदा मोकळा झाला नाही. महार वतन, म्हणजे तुटपुंज्या इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सरकारी व गावकामाला अहोरात्र बांधून घेण्याची व्यवस्था, बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि ते वतन कायद्याने संपण्यास १९५८ उजाडले. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे १९४५ च्या मे महिन्यात किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या उपस्थितीत वारली आदिवासींची परिषद भरली आणि जमीनदाराची वेठ करायची नाही असे ठरले. या निर्धारात तलवार नसल्यामुळे तो शौर्याच्या सदरात अद्याप जमा झालेला नाही.

गोव्यातील सत्तरी तालुक्याला तर लढवय्येपणाची वेगळी ओळख करून देण्याची गरजच नाही. येथील राणे घराण्यांकडे मोकासे होते, म्हणजे चाकरीच्या बदल्यात मिळालेले गावांच्या उत्पन्नाचे हक्क. वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला दीपाजी राणे यांनी १८५२ साली, योगायोगाने २६ जानेवारीलाच, घेतला आणि पोर्तुगीज सरकारला साडेतीन वर्षे झुंजवले, हा पराक्रम निर्विवाद आहे. पुढे १८९५ च्या सप्टेंबरात गोव्यातील मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी बंड करून सत्तरीचा रस्ता धरला, दादा राणे त्यांच्या बाजूने उतरले, आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध परमुलखात चाकरीला धाडता येत नाही, हे तत्त्व इतक्या ठणठणीत आवाजात मांडले गेले की ते ऐकण्यासाठी पोर्तुगालच्या राजाला आपल्या भावाला फौजेसह गोव्यात पाठवावे लागले. तत्त्व उत्तम होते. ते लिस्बनपर्यंत पोचले. मोकाशाच्या बांधावरून कुळाच्या खोपटापर्यंतची वाट मात्र त्याला बराच काळ सापडली नाही.

गोव्यात या वाटेच्या एका टोकाला भाटकार असे, दुसऱ्या टोकाला मुंडकार: भाटकार म्हणजे जमिनीचा मालक, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा. या घराचे भाडे बहुधा पैशांत नसे, ते भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, राखणीत, भाटकाराच्या घरच्या कार्यात आणि हाक येईल तेव्हा ‘व्हय’ म्हणण्यात फिटत असे. भारताच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने १९५० पासून बेगारीला मनाई केली, पण गोव्यात त्यासाठी १९६१ च्या डिसेंबरापर्यंत थांबावे लागले. कुळ कायदा १९६४ मध्ये आला आणि मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये. तरीही सत्तरीतीलच शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांनी २०२१ च्या जानेवारीत नियोजित आयआयटीला विरोध केला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. प्रकल्प दुसरीकडे हलवण्याची घोषणा झाली, आणि कागद करण्यापेक्षा आयआयटी हलवणे सोपे असते, असा एक प्रशासकीय सिद्धांत त्यातून हाती लागला.

कल्पनेतल्या राज्याचे वार्षिक दर्शन शोभायात्रेत घडते. फेटे, ढाली, दाढ्या आणि घोडे भाड्याने मिळतात, सरदार होण्यासाठी तर इतके अर्ज येतात की एकाच काळातले चार सेनापती शेजारी-शेजारी चालतात. परंतु भोई, म्हणजे पालखी वाहणारा, होण्यास कोणाचेच घराणे राजी नसल्याने पालखी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवावी लागते. तेथे आयोजकांची गाठ इतिहासाचा अजिबात अभिमान नसलेल्या चालकाशी पडते, जो मजुरी आगाऊ घेतो, डिझेलचे वेगळे मागतो आणि मिरवणूक लांबली तर तासाचा दर लावतो.