निवृत्त साहेबांचं काय करायचं?

खानदेशात ३१ मे हा मोठा सण आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकली, म्हणून अठ्ठावन्न भरताच सरकार सगळ्यांना मेअखेरीस एकदम घरी पाठवतं. जन्म नक्की कधीचा, हे आईलाही आठवत नसतं. निवृत्ती मात्र तारखेवर होते!

निरोप समारंभात वाक्य ठरलेलं. ‘उर्वरित आयुष्य समाजासाठी.’ टाळ्या पडतात. सर्वांत जोरात टाळ्या सौभाग्यवतींच्या.

त्यांचं बरोबर आहे. बत्तीस वर्षं जो माणूस डबा घेऊन नऊला बाहेर पडला, तो आता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भरताची वांगी कशी भाजावीत ते सांगतो. समाजसेवा सुरू होते ती इथून. घरच्यांच्या आग्रहास्तव.

निवृत्त बाईंना मात्र ‘आता वेळ कसा घालवणार?’ असं कुणी विचारत नाही. त्यांची दुसरी शिफ्ट संपलीय कुठे?

सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर जा. अर्धं सचिवालय चालत असतं. माजी मुख्याध्यापक, माजी उपअभियंता, माजी विस्तार अधिकारी. कुणी ‘काय चालू शे, साहेब?’ म्हटलं की चालीत जोर येतो. पगाराला पेन्शन आहे, ‘साहेब’ या हाकेला नाही.

मग ती हाक मिळवायला संघ निघतो. संघात अध्यक्ष एकच, माजी साहेब पंधरा. म्हणून दुसरा संघ.

हसू नका. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर चार माणसं भेटतात, रक्तदाब मोजला जातो, एखाद्याची अडलेली पेन्शन सुटते. हेही थोडकं नाही. पण याला समाजकार्य म्हणायचं, तर शिरपूरकडे बघून म्हणा.

सुरेश खानापूरकर हे राज्याच्या भूजल यंत्रणेतले भूवैज्ञानिक. जमिनीखालचं पाणी कुठे अडतं नि कुठे मुरतं, हे त्यांना नोकरीत पाठ झालेलं. सरकारी खुर्ची सुटल्यावर त्यांनी तिथले तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांच्या साथीने २००४पासून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात नाले रुंद केले, खोल केले, त्यावर एकापुढे एक बिनदाराचे सिमेंट बंधारे घातले. पाणी नाल्याच्या पोटातच साठवायचं, म्हणजे बुडितात कुणाचं शेत जायला नको. विहिरींना पाणी चढलं. ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला.

हे सगळं निवृत्तीनंतरच्या वयात. अंगात एवढा उत्साह कुठून येतो? सेवाभावातून? छे! कळतंय पण करता येत नाही, या जुन्या चिडीतून. साहेबाची सही लागणार नाही, हे कळल्यावर माणूस तरुण होतो.

टीकाही झाली. इतकं खोल खणणं सगळीकडे योग्य नाही, असं काही भूजलतज्ज्ञांनी ठणकावलं. वाद रंगला. रंगणारच, कारण काहीतरी केलं होतं. शाल-श्रीफळावर आजवर कुणा तज्ज्ञाने हरकत घेतलीय?

प्रत्येक निवृत्ताकडे असं एखादं अडलेलं काम असतंच. पाटबंधारेवाल्याला माहीत असतं कालवा कुठे गळतो. मास्तरांना माहीत असतं चौथीतली कुठली पोरं वाचता येत नसताना पाचवीत गेली. तलाठ्याला तर सगळंच माहीत असतं. तो बोलत नाही.

तेव्हा धुळ्याच्या देवपुरातल्या आणि जळगावातल्या तमाम संघांना विनंती. यंदाची सहल शिर्डी-शिंगणापूरला न्यायच्या आधी एकदा शिरपूरला न्या. धुळ्याहून तासाभराची वाट आहे. आणि परतीच्या गाडीत अंताक्षरी नको. ज्याने त्याने आपलं एक अडलेलं काम सांगावं.