हिरवा चौकोन
डेटा भरणारा जॉब रात्री दोनला धावतो, सकाळी नऊला आपण त्याची तब्येत विचारतो. युनिक्समध्ये जॉबचा निकाल शून्य म्हणजे पास. एसक्यूएल सर्व्हरच्या ‘सिसजॉबहिस्टरी’ तक्त्यात मात्र शून्य म्हणजे नापास आणि 1 म्हणजे पास. इथेच निम्मी टीम गार. वर जॉब चालवणाऱ्या एअरफ्लोच्या पडद्यावरचा हिरवा चौकोन. तो एवढंच सांगतो, की काम तक्रार न करता संपलं. ओळी किती भरल्या, हे त्याचं खातं नव्हे! आमच्याकडे एकदा विक्रीची फाईलच रिकामी आली. जॉबने इमानेइतबारे शून्य ओळी भरल्या आणि हिरवा झाला. (सरकारी कचेरीत शोभला असता.) साहेब खूश. विक्रीचा आकडा कोरा असल्याचं तिसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या बाईंनी फोन करून सांगितलं. जॉब तेव्हाही हिरवाच होता.