आम्ही घरीच करतो

लहान मुलांच्या आयांचं वाक्य पूर्ण होत नाही. क्रियापद तोंडात यायच्या आत कोणीतरी घसरगुंडी उलटी चढत असतं, कोणीतरी कोणाच्या तरी डोक्यात वाळू घालत असतं आणि आई "अरे ए!" करत उठलेली असते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत बाग आहे, म्हणजे पार्किंग आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मधली जागा. तिथे सिमेंटचा एक बाक आहे. संध्याकाळी आम्ही पाच-सहाजणी त्यावर टेकतो आणि दीड तास अर्धी-अर्धी वाक्यं बोलून ताज्यातवान्या होऊन घरी जातो.

मे महिना उतरणीला लागला की विषय ठरलेले. "आमचा रसाशिवाय पोळीला हात लावत नाही गं, परवा तर मी म्हटलं की—" गेली. "घामोळ्यांना चंदन उगाळून लावलं तर—ए, चप्पल घाल पायात!" गेली. "कॅम्पवाल्यांनी एवढे पैसे घेतले आणि शेवटच्या दिवशी हातात काय दिलं, तर मातीचा—" मातीचा काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मोर असावा. आमच्याकडेही एक आहे, त्याला मी हत्ती समजत होते.

बाकावर कोणी कोणाला नावाने ओळखत नाही. एक जुळ्यांची आई, एक बी विंगची, एक नागपूरची. मी 'सायकलवाल्याची आई', कारण माझा धाकटा सायकल चालवत नाही, लोकांच्या अंगावर घालतो. नागपूरची दर संध्याकाळी पुण्याच्या उन्हाचा अपमान करते. "हे काय ऊन आहे का बापा! आमच्याकडे पंचवीस तारखेला नवतपा लागते. नऊ दिवस कूलरसमोरून हलायचं नाही." हे ती अशा अभिमानाने सांगते की, ते नऊ दिवस तिला माहेरून आंदण मिळाले असावेत.

तर त्या संध्याकाळी, म्हणजे २०२५च्या मे महिन्यात, बी विंगची म्हणाली, "अगं, पाव किलो कुरडयांचे किती घ्यावेत त्या बाईने? मी विचारलं तर म्हणते—" आणि ती उठली. पण नेमकं त्याच वेळी ट्रान्सफॉर्मरच्या मागे मांजरीची पिल्लं सापडली आणि समस्त पोरंटोरं तिकडे धावली. बाकावर शांतता पसरली. अशी शांतता आयांना सोसत नाही, ती कोणीतरी भरून काढावी लागते.

मी म्हणाले, "विकत कशाला? कुरडया तर आम्ही घरीच करतो."

क्रियापदासकट. कोणी पडलं नाही, कोणी रडलं नाही, कोणाला शू लागली नाही. माझी किती चांगली, विचारपूर्वक वाक्यं त्या बाकावर अर्ध्यात वारली आणि पूर्ण झालं ते हे.

यातलं 'आम्ही' म्हणजे माझी आई, दोन माम्या आणि कऱ्हाडच्या वाड्यातल्या शेजारणी. त्यात माझा वाटा एवढाच, की हातात काठी घेऊन गच्चीवर कावळे हाकायचे आणि कोणाचं लक्ष नसताना कडेच्या ओल्या कुरडया खायच्या. तेही मी दहा वर्षांची असताना.

"मग आम्हालाही शिकव ना!" जुळ्यांची आई म्हणाली. रविवार ठरला. गच्ची ठरली. मुलांनाही घेऊन येऊ, त्यांना तेवढाच 'अनुभव', असंही ठरलं. सुट्टीच्या शेवटी आया अनुभवासाठी इतक्या हपापलेल्या असतात की, कोणी विहीर खणायला काढली असती तरी पोरं घेऊन आल्या असत्या.

घरी येऊन आईला फोन लावला.

"गहू तीन दिवस भिजत घालायचे," ती म्हणाली. "रोज पाणी बदलायचं. रोज म्हणजे रोज. अर्धा किलो घाल पहिल्यांदा."

"आई, मी पाच किलो म्हणत होते. पाच घरं आहेत."

"पाच किलो? अगं, चीक हाटायला कोण आहे तुझ्याकडे?"

"मैत्रिणी आहेत ना."

"लेकुरवाळ्या?" आईने विचारलं आणि पुढे काही बोलली नाही. तिथेच मी समजायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी गहू भिजवले, धाकट्याच्या अंघोळीच्या टबात. (घासून, विसळून घेतला होता. एवढं तरी लिहू दे.) शुक्रवारी मुलांची वह्या-पुस्तकं, कव्हरं, लेबलं आणि दप्तरं आणायला गेलो आणि दुकानातली रांग संपेपर्यंत पाणी बदलणं राहून गेलं. रात्री बाल्कनीचं दार उघडलं तेव्हा टबावर पांढरे बुडबुडे आले होते. एक दाणा चिमटीत दाबला, तर आतून दुधासारखी चिळकांडी उडाली. म्हणजे गहू छान भिजले होते. वासही तसाच छान सुटला होता. भिजल्या गव्हाचा आंबूस वास ज्यांच्या घरी उन्हाळी वाळवण होतं त्यांना आजोळाची आठवण करून देतो. इतरांना वाटतं, भिंतीच्या आड काहीतरी मेलंय.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आला : 'सी विंगमध्ये उग्र वास येत आहे. सर्व सभासदांनी आपापल्या मोरीच्या जाळ्या तपासाव्यात.' खाली धडाधड उत्तरं. ड्रेनेज लाईन फुटली असणार. उंदीर असणार. बिल्डरच चोर आहे. अशा वेळी आपण गप्प बसलो तर संशय येतो, म्हणून मीही लिहिलं, 'आम्हालाही येतोय. घरात लहान मुलं आहेत. कृपया तातडीने लक्ष घालावे.' खाली जोडलेले हात टाकले. दुपारी तक्रारअर्ज फिरला, त्यावर पहिली सही माझी आहे, कारण कागद पहिल्यांदा आमच्याकडेच आला. वास तिथेच सर्वांत जास्त होता.

प्लंबर आला. त्याने चेंबरचं झाकण काढलं. आतून दोन रबरी बॉल, एक चमचा आणि एक हात तुटलेला सुपरहिरो निघाला. "लाईन एकदम क्लिअर आहे साहेब," तो म्हणाला.

"मग वास कुठून येतोय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो ना, कुठून येतोय?" मी विचारलं.

जिन्यात जुळ्यांची आजी भेटली. त्या अकलूजहून सुट्टीसाठी आल्या होत्या. दोन्ही हातांत एकेक नातू, वर बघून त्यांनी एकदाच श्वास आत घेतला. "गहू घातलेत वाटतं कुणी. आणि पाणी नाही बदललं."

"आजी, जरा हळू बोला ना."

आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती घातलेस?"

"पाच किलो."

"देवा," आजी म्हणाल्या आणि नातवांना घेऊन वर गेल्या.

त्याच दिवशी, २४ तारखेला, नवऱ्याने मोबाईलमधून डोकं वर काढून सांगितलं की मान्सून केरळात दाखल झाला. मी त्याला वेड्यात काढलं. केरळ कुठे, कोथरूड कुठे! एरवी तो १ जूनला तिथे येतो, मग आपल्यापर्यंत पोहोचायला आठ-दहा दिवस लागतात, हे चौथीतल्या मुलालाही माहीत असतं. हेच मी बाकावरच्या ग्रुपवर हवामान खात्याच्या थाटात लिहून टाकलं आणि वर 'उद्या दहा वाजता गच्ची!' असं ठोकून दिलं. तो आख्खा आठवडा रोज दुपारी धो-धो कोसळत होतं. त्याला मी वळीव म्हणत होते.

रात्री गहू मिक्सरमध्ये वाटायला घेतले. साताठ घाण्यांनंतर मिक्सर बंद पडला. त्याला उलटा करून बुडाखालचं लाल बटण दाबायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुरू करायचं, असं करत मध्यरात्र उलटली. फडक्यातून गाळून चोथा बाजूला काढला. पांढरं पाणी पातेल्यांत, कुकरमध्ये, बादलीत आणि मुलांच्या जेवणाच्या डब्यांत निवळायला ठेवलं. सकाळी तळाशी चीक बसला होता, वर पिवळट पाणी. ते मोरीत ओतलं आणि सेक्रेटरींचं ड्रेनेजबद्दलचं म्हणणं पहिल्यांदाच खरं झालं.

दहाला मंडळी जमली. चीक शिजवायची रीत तशी सरळ आहे. चिकाइतकंच पाणी, मीठ, हिंग. खळखळून उकळी आली की एकीने धार धरायची, दुसरीने हाटायचं, तिसरीने पातेलं धरायचं. हाटताना मात्र थांबायचं नाही. आणि लहान मुलाच्या आईला थांबल्याशिवाय काहीही करता येत नाही, हे मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. बी विंगचीने लाटणं घेऊन हाटायला सुरुवात केली. चीक सैल होता तोवर सगळ्या हसत होत्या. मग तो एकदम घट्ट व्हायला लागला, लाटण्याबरोबर पातेलंही फिरायला लागलं, नागपूरची फडक्याने कान धरून "पकड, पकड" ओरडतेय, आणि नेमकी आतल्या खोलीतून किंकाळी आली. बी विंगची लाटणं तसंच चिकात उभं सोडून धावली. ते पडलं नाही. यावरून चिकाची कल्पना यावी.

शेवटी आजी उठल्या. त्यांनी पदर खोचला, मला बाजूला केलं, गुठळ्या मोडल्या, झाकण ठेवून दणकून वाफ आणली. पांढरा चीक हळूहळू पारदर्शक झाला, त्यावर तकाकी आली. वाटीत घालून वर दूध-साखर घातली, तेव्हा जी कार्टी एरवी पोळीला हात लावत नाहीत ती ताटावर ताट आपटून मागायला लागली. पाच किलोंतला बराच चीक असा गच्चीवर पोहोचायच्या आधीच संपला. मला आतून बरंच वाटलं.

गच्चीवर प्लास्टिक अंथरलं. सोऱ्यात गरम गोळा भरून दाबायचा आणि बोटांची पर्वा न करता गोल-गोल फिरवायचं. आजींच्या कुरडया एकसारख्या, साच्यातून काढल्यासारख्या पडत होत्या. माझी पहिली कुरडई पडली तेव्हा धाकटा वाकून बघत होता. "मम्मा, हे केस कुणाचे?"

अकराच्या सुमारास थोडं ऊन पडलं. मी सगळ्यांकडे अर्थपूर्ण पाहून घेतलं. साडेअकराला सिंहगडाच्या बाजूने आभाळ काळं झालं. नागपूरची कमरेवर हात ठेवून वर बघत होती. "आज पंचवीस तारीख ना? नवतपा आहे आज," ती आभाळाला म्हणाली. पहिला थेंब तिच्याच चष्म्यावर पडला.

मग जी धावपळ झाली, तिचं नीट वर्णन करता येणार नाही, कारण मी बराच वेळ प्लास्टिकखाली होते. कुरडयांचं प्लास्टिक न हलवता उचलायला चार हात लागतात. आईचा एक हात पोराच्या दंडाला असतो, म्हणजे चार आया लागतात, आणि त्या चौघींची पोरं चार दिशांना ओढतात. पहिल्या प्लास्टिकवरच्या कुरडया घसरून एका कोपऱ्यात जमा झाल्या, दुसऱ्यावरच्या पाण्यात परत चीक झाल्या. उरलेल्या आमच्या घरात आल्या. डायनिंग टेबलावर, पलंगावर, इस्त्रीच्या टेबलावर, सगळे पंखे पाचवर. नवरा आंघोळ करून आला तो टॉवेल गुंडाळून दारातच उभा राहिला. बसायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, हवामान खात्याने मान्सून मुंबईत आणि पुण्यात पोहोचल्याचं जाहीर केलं. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणे. बरोबर आहे, त्याआधी मी कधी कुरडया घातल्या नव्हत्या. पंख्याखाली त्यांना दोन दिवसांत बारीक हिरवट लव आली. आजींनी चांगल्या-चांगल्या आधीच वेचून त्यांची कांदा-लसूण घालून भाजी केली होती, ती पाचही घरी वाटली. खरंच झकास झाली होती. बाकीच्या मी ओल्या कचऱ्यात, रोज थोड्या-थोड्या, वर्तमानपत्रात गुंडाळून टाकल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीची बैठक झाली. प्लंबरचं बिल सगळ्या फ्लॅटमध्ये विभागून लावायचा ठराव आला. विरोध झाला नाही. मग सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले की, या प्रकरणात सर्वप्रथम ज्यांनी सही करून जागरूकता दाखवली, त्या आपल्या सी विंगच्या वहिनी. टाळ्या पडल्या. जुळ्यांच्या आजी परतायचं तिकीट पुढे ढकलून बैठकीला आल्या होत्या, त्यांनी सर्वांत जोरात वाजवल्या. ड्रेनेज उपसमितीवर माझं नाव आलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकट्याने सतरंजीवर पाणी सांडलं आणि माझं वाक्य राहिलं.

१६ जूनला शाळा सुरू झाली. सकाळी गेटपाशी बसची वाट बघत आम्ही सगळ्या उभ्या. नवे रेनकोट, गुडघ्याच्या खाली लोंबणारे, कारण 'वाढत्या अंगाचे' घेतलेले. "माझ्या बहिणीच्या पोरांची शाळा नागपूरला अजून आठवडाभर उघडत नाही, ती बिचारी तर—" नागपूरची म्हणत होती, तेवढ्यात बस आली. पोरं चढली, बस वळली आणि मागून सेक्रेटरींची हाक आली.

"वहिनी, जरा या बरं. चेंबरमधून पुन्हा तसाच वास येतोय."

उपसमिती म्हणून मी गेले. प्लंबरने झाकण सरकवलं. सेक्रेटरी, वॉचमन आणि बी विंगची माझ्याकडे बघत होते. मी वाकले, एक श्वास घेतला आणि जाणकाराच्या आवाजात म्हणाले, "छे, हा गव्हाचा नाही."