मधनं बाहेर

लॅपटॉप बिघडल्याची बातमी अप्पांना कोण देतं, हे आमच्या गल्लीला अजून कळलेलं नाही. आपण दार लावून, घरातल्या घरात, ‘आयला, परत गेला’ एवढंच पुटपुटतो आणि चहाला आधण यायच्या आत फाटक वाजतं. अप्पा उभे. खांद्यावर टॉवेल. ‘काय व्हायलंय ओ मालक? डिस्क लावली की बंद पडायलाय का?’ उत्तराची वाट बघायची पद्धत नाही. चपला एव्हाना उंबऱ्याबाहेर निघालेल्या असतात.

तुमच्याकडेही एक अप्पा असणारच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. आमचे सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहायचे. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी हात मागे घेतले, अप्पांनी पुढे केला. तो अजून पुढेच आहे. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि टॉवेलांचा एक गठ्ठा मिळाला. शाल कपाटात गेली, श्रीफळाची वडी झाली, आणि टॉवेल गल्लीला भोवले.

काळ तो डिस्कचा. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, आणि भागवत टॉकीजच्या रांगेत वाढलेलं आमचं गाव पिक्चर घरी बसून बघायला लागलं. त्यात प्रत्येक लग्नाची शूटिंगची सीडी. टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर होता, पण ते दिवस भारनियमनाचेही होते; ऐन सुट्टीत, भर दुपारी टीव्ही मेलेला. बॅटरीवर चालणार तो लॅपटॉपच. सगळं घर त्या चौदा-पंधरा इंची पडद्याभोवती दाटीवाटीने बसायचं आणि लॅपटॉपवर जो काही ताण यायचा तो तिथेच यायचा.

माझा लॅपटॉप एरवी गरीब. हार्डडिस्कवरची गाणी निमूट वाजवायचा. डिस्क घातली की मात्र आधी चित्र अडखळायचं, मग आवाज तुटायचा, मग पंखा बोंबलायला लागायचा, आणि नायिका तोंड उघडं ठेवून गोठायची. त्यापुढे निळा पडदा, नाहीतर थेट अंधार.

अप्पांनी ड्राइव्ह उघडला, डिस्क बोटाच्या टोकावर घेतली, उजेडात तिरकी धरली आणि डोळे बारीक करून घरातल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. ‘कुणी पुसली ही?’

कुणी बोलेना.

‘गोल पुसलीय.’ टॉवेल खांद्यावरून उतरला. ‘गोल पुसायची नसती. मधनं बाहेर. मधनं... बाहेर.’ भोकापासून कडेपर्यंत सरळ हात, डिस्क जरा फिरवायची, पुन्हा सरळ हात.

यामागचं शास्त्र खरं आहे, हे इथे कबूल केलं पाहिजे. डिस्कवरची माहितीची रेघ आतून सुरू होते आणि वळसे घेत बाहेर जाते. सरळ बाहेर गेलेला ओरखडा प्रत्येक वळशाला जरासा छेदून जातो. तेवढी तूट ड्राइव्ह आजूबाजूच्या माहितीवरून गणित करून भरून काढतो. गोल ओरखडा त्याच रेघेवरून लांबवर चालत जातो, मग भरून काढायला शेजारी काही उरतच नाही. आणि डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर शेवट येतो कडेला, जिथे सगळ्यांची बोटं लागलेली असतात. गल्लीतल्या एकूण एक लग्नाच्या सीड्या बरोबर पाठवणीलाच का अडकतात, याचा उलगडा अप्पांनीच केला. तोवर लोक त्याला नवरीच्या आईच्या रडण्याचा परिणाम समजत होते.

अप्पांनी हे ज्ञान डिस्कपुरतं ठेवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

माझा चष्मा त्यांनी माझ्या नाकावरून काढून मधनं बाहेर पुसला. स्कूटरचा आरसा मधनं बाहेर. जेवायला बसले की स्टीलचं ताट मधनं बाहेर, मग वाटी, मग वाटीचं बूड. आमच्या हिला एकदा पोळपाट पुसताना त्यांनी धरलं. ‘वहिनी, पोळपाट गोल आहे म्हणून गोल पुसायचा होय?’ ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. अप्पांशी बोलली, कारण वाय-फाय त्यांच्याकडून यायचं. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, जत्रेच्या तुफान गर्दीत, भेळवाल्याच्या हातातलं फडकं त्यांनी काढून घेतलं होतं. मागे रांगेत सबंध कुटुंबं उभी, आणि पुढे भेळवाल्याचं प्रशिक्षण चाललेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा टेबलावर पडल्या पडल्या ते डॉक्टरांना म्हणाले, ‘लेन्स बसवायच्या आधी पुसणार असाल तर...’ डॉक्टरांनी भूल वाढवली, असं अप्पांची सूनबाई सांगते.

तर लॅपटॉप. पुसून काही झालं नाही. डिस्क लखलखीत, नायिका गोठलेलीच. दोन दिवसांनी अप्पा कुठूनसं नवं ऐकून आले आणि या खेपेला, मला आवडो न आवडो, त्यांचं बरोबर होतं. विंडोज एक्सपीत एक खोड होती. ड्राइव्हकडून माहिती घेताना ठरावीक चुका झाल्या, सहा, की ती त्या ड्राइव्हला डीएमएच्या वेगवान वाटेवरून काढून पीआयओच्या जुन्या वाटेला लावायची. मग डिस्कवरचा कण न् कण प्रोसेसरने स्वतः वाहून आणायचा. चित्र उलगडायला त्याला सवड कुठली? गंमत म्हणजे पुढे ड्राइव्ह कितीही नीट वागला तरी त्याला पुन्हा वर घेतलं जायचं नाही.

‘मिलमध्ये सहा खाडे झाले की कायमचा बदली कामगार,’ अप्पा म्हणाले. त्यांचे वडील मिलमध्ये होते. ‘मग कितीबी राबा, नाव वर चढत नाही.’

उपाय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या चॅनलचं नावच काढून टाकायचं आणि मशीन पुन्हा चालू करायचं. विंडोजला जुनं काही आठवत नाही, ती त्याला नवा गडी म्हणून भरती करून घेते. नायिकेने तोंड मिटलं. पिक्चर शेवटपर्यंत गेला. अप्पांनी त्या आनंदात माझा कीबोर्ड मधनं बाहेर पुसला. कीबोर्डाला मध्य नसतो. त्यांनी ‘जी’ आणि ‘एच’च्या मधला धरला.

सगळीकडेच असं यश आलं असं नाही. आमच्या पलीकडच्या काकूंचा भाचा अमेरिकेहून डीव्हीडी घेऊन आला. ती त्यांच्या लॅपटॉपवर लागेना. अप्पांना बोलावलं नव्हतं, ते आलेच. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडलेले. अमेरिका एक नंबरात, आपण पाच नंबरात. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, नंतर कायमचं कुलूप. अप्पांनी एकावर नेला, चालली. पाचवर आणला, खात्री करायला. परत एकावर, भाच्याला दाखवायला. परत पाचवर, काकूंना दाखवायला. मग जेवणानंतर काकांना बघायचं होतं. त्या घरातला लॅपटॉप तेव्हापासून अमेरिकेत राहतो. आपल्या विभागाचा शिक्का असलेली डिस्क घातली की तिला ओळखही देत नाही. अमेरिकेची डिस्क त्यांच्याकडे एकच आहे आणि ती सगळ्यांची पाठ झालीय.

मे महिन्यात माझा लॅपटॉप पुन्हा जायला लागला. या खेपेला निळा पडदाही नाही, अर्ध्या पिक्चरला सरळ अंधार. बाहेर पारा ४३ च्या पुढे. आत डिस्क गरागरा फिरवायची, चित्र उलगडायचं, आवाज सोडवायचा, सगळं एकदम. प्रोसेसर तापून मर्यादेबाहेर गेला की स्वतःला वाचवायला तो वीजच तोडतो. अप्पांनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावून ‘हीट’ असं जाहीर केलं, स्वयंपाकघरात गेले आणि कडक भाकरीच्या दोन चवडी घेऊन आले. एक डावीकडे, एक उजवीकडे, वर लॅपटॉप. ‘खालनं वारं खेळायला पायजे.’ वारं खेळलं. पिक्चर वीसेक मिनिटं जास्त चालला. भाकरीला काही झालं नाही. सोलापूरच्या कडक भाकरीला काही होत नसतं.

शेवटी नवी पेठेतल्या एका पोराने लॅपटॉप खोलला. पंख्यातून गरम हवा बाहेर जायची जी जाळी, तिच्यावर आतून चांगली जाड गादी बसलेली. त्याने ती चिमट्याने अख्खी उचलून टेबलावर ठेवली. सोलापूरच्या धुळीचा करडा रंग, यंत्रमागाच्या गावात हवेतच असतो तो कापूस, आणि या सगळ्यात अगदी ठळक, निळे तंतू. आम्ही दोघांनीही अप्पांच्या खांद्याकडे बघितलं. टॉवेल निळा होता.

अप्पांनी गादी दोन बोटांत धरली. कुरवाळल्यासारखी. ‘कॉटन हंड्रेड परसेंट,’ ते म्हणाले. ‘बघा, मी म्हनलो नव्हतो? हीटच.’

सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. माझ्या लॅपटॉपच्या पंख्याला ते का मिळू नये, असा माझा रास्त प्रश्न आहे.

पुढे लॅपटॉपमधून डिस्कचा कप्पाच गेला. २०१२ साली विंडोज ८ आली तिच्या मीडिया प्लेअरने डीव्हीडी वाजवायचं सोडलं, यंत्रं पातळ झाली, आणि अप्पांचा धंदा बसला. सुटलो, असं मी म्हणालो. अप्पांनी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत घेतला. लोक कपाटं आवरताना सापडलेल्या सीड्या पिशवीत भरून त्यांच्याकडे टाकू लागले. ‘पेनड्राइव्हवर करून ठेवा अप्पा, सवडीनं.’ घरी बर्न केलेल्या त्या डिस्क; त्यांतला रंग उन्हाने, उकाड्याने उडत जातो आणि एक दिवस डिस्क कोरी निघते. लोकांना सवड होती, डिस्कला नव्हती. अप्पा रोज दुपारी बसायचे. पुसायची, मधनं बाहेर, घालायची, उतरवून घ्यायची, आणि चुकला का बघायला अख्खी बघायची. पेनड्राइव्ह न्यायला फारसं कुणी आलं नाही. म्हणून मग सगळं त्यांच्याच हार्डडिस्कवर. मी ती यादी पाहिली आहे. माणसांची नावं नाहीत; फोल्डर सगळे दुखण्याच्या नावाने: ‘सप्तपदीला अडकते’. ‘आहेर हँग’. ‘आवाज नाही, वरात चांगली’. ‘बारसं, मधेच लग्न’.

लोक हसायचे. परक्यांची लग्नं बघत बसणारा म्हातारा. मीही हसायचो, कारण त्यांनी माझं लग्न मला सांगितलं होतं, आणि त्यातला माझा चेहरा कसा होता तेही.

मग कोरोनाची दोन वर्षं गेली. आमच्या गल्लीतून माणसं गेली, आणि बऱ्याच घरांत फोटो होता तो आधार कार्डासारखा, समोर बघणारा. एका रात्री पुण्याला नोकरी करणारा एक मुलगा हुतात्मा एक्सप्रेसने आला, घरी सामान टाकून थेट अप्पांच्या फाटकात उभा राहिला. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाला, ‘अप्पा, बाबा कशात चालताना दिसतात का हो? नुसते उभे नको.’

अप्पांनी कॉम्प्युटर लावलासुद्धा नव्हता. ‘तुझ्या चुलत बहिणीच्या लग्नात,’ ते म्हणाले. ‘‘आहेर हँग’. बत्तिसाव्या मिनिटाला. पंगतीतली खुर्ची उचलून नेतोय, कुणाला तरी हाक मारतोय. हाक ऐकू येती. त्याच्या पुढं अडकती, पण तेवढं नीट हाय.’

मुलाने ते तिथेच उभ्याउभ्या पाहिलं. परत लावायला सांगितलं. अप्पांनी परत लावलं. नंतर बरेच जण येऊन गेले. आजी हसताना कशात आहे, दादाचा आवाज कशात आहे. अप्पा कुणालाही ‘शोधतो’ असं म्हणाले नाहीत. त्यांना मिनिटं पाठ होती. वाय-फाय घ्यायला जाणारी आमची ही सुद्धा एकदा गेली आणि डोळे पुसून आली. कसे पुसले ते मी बघितलं नाही.

हल्लीची लग्नं अप्पांपर्यंत येत नाहीत. व्हिडिओ कुठल्याशा लिंकवर असतो, महिनाभराने लिंक मरते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे अप्पा आता उलट्या दिशेने, म्हणजे मागे निघालेत. जुन्या बाजारातून त्यांनी व्हीसीआर आणलाय आणि गल्लीत कुणाकडे लग्नाच्या कॅसेटी आहेत का विचारत फिरतायत. चित्रात बर्फ पडत होता, म्हणजे हेड साफ करायला हवं. टॉवेल घेऊन ते बसलेही होते. मीच अडवलं. त्या ड्रमवरचं हेड फार नाजूक. त्यावर वरखाली हात फिरवला की तुटतं. कापड एका जागी धरायचं आणि ड्रम फिरवायचा. म्हणजे गोल पुसायचं.

‘गोल?’ अप्पा म्हणाले.

‘गोल.’

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, व्हीसीआरचं झाकण लावलं आणि निघून गेले. चार दिवस झाले, आमच्याकडे नेट चालू आहे, पण अप्पा काही फाटकात आलेले नाहीत. अप्पांच्या घरी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, ‘कोण सांगितलंय ते, त्याला फोन लावून भांडायलेत.’