चवीनुसार मीठ, दिव्यात

लाव्हा लॅम्पच्या रिफिलसोबतचं माहितीपत्रक लिहिणाऱ्या अनामिक लेखकास,



आपली ओळख नाही. तरी गेले अकरा दिवस मी रोज रात्री तुमचा एकच परिच्छेद वाचते आहे. गुरुचरित्राचं पारायणसुद्धा सात दिवसांत उरकतं. सासूबाईंनी परवा विचारलं, ‘अगं, रोज काय वाचतेस एवढं?’ मी म्हटलं, ‘मीठ किती घालायचं ते.’ त्यांना वाटलं, मला आता खरंच विश्रांतीची गरज आहे.

दिवा दादाने 1999 साली इंग्लंडहून आणला होता. ज्या देशात या दिव्याचा जन्म झाला तिथूनच. पूल नावाच्या गावी एडवर्ड क्रेव्हन वॉकर या गृहस्थाने 1963 साली तो बाजारात आणला. म्हणे एका पबमध्ये त्याने अंडी उकडायची वेळ मोजणारं द्रवाचं घरगुती यंत्र पाहिलं आणि त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. आमच्याकडे हे खूळ वीस वर्षं शोकेसमध्ये गुण्यागोविंदाने नांदलं. रात्री दिवा लावला की तळातलं लाल मेण आधी नुसतं घाम फुटल्यासारखं चकाकायचं, मग त्याला एक कोंब यायचा, कोंबाची मान लांबायची, मान तुटायची आणि एक गोळा निवांत वर जायचा. दिवसभराच्या स्वयंपाकानंतर त्याच्याकडे बघत बसणं हा माझा एकुलता एक ऐषाराम.

मग घराला रंग काढला. रंगाऱ्याच्या हाताखालच्या पोराने पेटता दिवा उचलला, ‘लय भारी’ म्हणाला आणि हलवला. दोन मिनिटांत आत सोलकढी. गरम मेणाचे बारीक कण पाण्यात मिसळले की ते पुन्हा सहजासहजी वेगळे होत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. पोराला मी काही बोलले नाही. माझा राग मी तुमच्यासाठी राखून ठेवला होता, एवढंच.

तुमच्या कंपनीचं रिफिल मागवलं. सोडावॉटरसारखं पत्र्याचं झाकण ओपनरने काढलं, जुनं पाणी ओतलं, तळाशी गार होऊन बसलेलं मेण हळू हाताने खंगाळलं. नळाचं पाणी घालायचं नाही एवढं तुम्ही लिहिलं आहे, त्याबद्दल आभार. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं. बल्बही गेला होता. तपकीर गल्लीत ‘आट्यांचा, 40 वॅटचा, जुना तापणारा’ अशी मागणी केल्यावर दुकानदार म्हणाला, ‘ताई, एलईडी घ्या, गार राहतो.’ गार राहणारा बल्ब घेऊन मी काय करू? या दिव्यात बल्ब म्हणजे चूल. एलईडीवर मेण जन्मभर तळाशी ध्यानस्थ बसेल. याबद्दल पत्रकात चकार शब्द नाही, पण जाऊ द्या. अक्षर मुंगीएवढं आहे, तेही जाऊ द्या. रिफिलमधला साबणाचा द्रव दोन थेंब जास्त पडला की मेणाचा साबुदाणा होतो आणि कमी पडला की मेण काचेला पिठल्यासारखं चिकटतं, हे मी स्वतः शोधून काढलं. तेही सोडून देते.

पण ते वाक्य! ‘मेण तळाशीच राहिल्यास द्रवात अ लिटल मीठ घाला. मेण वरच तरंगत राहिल्यास अ लिटल डिस्टिल्ड वॉटर घाला.’

अ लिटल. थोडंसं. म्हणजे किती हो? चिमूट? चमचा? चहाचा की पोह्यांचा? आणि मीठ तरी कोणतं? जाडं, बारीक, सैंधव, की डॉक्टर पाय शेकायला सांगतात ते एप्सम?

यात अडचण अशी, की सगळा खेळच थोडंसंचा आहे. मेण गार असताना भोवतालच्या पाण्याहून किंचित जड असतं, तापलं की फुगून किंचित हलकं होतं. या दोन किंचितांच्या फटीत तो गोळा वरखाली करतो. पाण्यात मीठ वाढलं की पाणी जड होतं आणि मेण उठू लागतं. जास्त झालं की मेण वर जाऊन बसतं आणि लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखं उतरायचं नावच घेत नाही. बरं, चूक झाली हे लगेच कळावं? नाही. गार दिवा तापून मेण हलायला दोन-तीन तास. म्हणजे एका चिमटीचा निकाल रात्री साडेअकराला.

पहिल्या रात्री चिमूटभर घातलं. मेण ढिम्म. दुसऱ्या रात्री आणखी एक चिमूट. मेण ढिम्म, पण तळाशी एक फुगवटा, जणू मला वाकुल्या दाखवतंय. तिसऱ्या रात्री संतापाने दोन चमचे. साडेअकराला बघते तर सगळं मेण झाकणाखाली, सायीसारखं. चौथ्या रात्री वाटीभर खारट पाणी काढून साधं घातलं. मेण खाली. सासूबाई म्हणाल्या, ‘बटाटा टाक.’ रस्सा खारट झाला तर बटाटा टाकता येतो, आई. इथे काय टाकू?

शेजारच्या काकूंनी दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या आणून दिल्या, ‘ते जुनं मेण खराब झालं असेल, हे वितळव.’ तेही जमत नाही. मेणबत्तीचं पॅराफिन पाण्याहून साधारण दहा टक्के हलकं. गरम असो की गार, ते वरच राहणार. म्हणूनच जुन्या दिव्यांत पॅराफिनमध्ये कार्बन टेट्राक्लोराइडसारखं जड रसायन मिसळायचे. अमेरिकेत 1970 साली घरगुती वस्तूंत त्याच्यावर बंदी आली, कारण ते यकृत बिघडवतं. हे मी काकूंना सांगितलं. त्या मेणबत्त्या घेऊन परत गेल्या.

सॅन फ्रान्सिस्कोत एका इंटरनेट कंपनीच्या कार्यालयात अशा शंभरेक दिव्यांची भिंत आहे. कॅमेरा त्यांचे फोटो काढतो आणि त्यातून सांकेतिक किल्ल्यांसाठी बेभरवशाचे आकडे बनवतात. मेण पुढच्या क्षणी कुठे असेल हे कोणालाच सांगता येत नाही, ही तिथे दिव्याची लायकी ठरली. इथे मला ते तळाशी असेल एवढं नक्की सांगता येत होतं.

सातव्या रात्री, साडेदहाच्या सुमाराला, मेण वितळायची वाट बघून कंटाळून मी पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला आणि बाटली त्यात ठेवायला हात पुढे केला. नवऱ्याने हात धरला. त्याने कुठेतरी वाचलं होतं. 2004 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावात एका तरुणाने असा दिवा शेगडीवर तापवला. बाटली फुटली, काच छातीत घुसली आणि तो गेला. मी गॅस बंद केला आणि पुन्हा तुमचं पत्रक उघडलं. शेगडीबद्दल एक अक्षर नाही. कंपनीच्या इतर उत्पादनांची जाहिरात मात्र तीन ओळींची, ठळक टायपात. आता मी विनोद करत नाही. तीन ओळींच्या जागेत ‘बाटली शेगडीवर ठेवू नका’ बसलं असतं. कोणी तरी तुम्हाला ते सांगायला हवं होतं, किंवा तुम्हाला ते सुचायला हवं होतं. लाज वाटायला हवी.

आठव्या दिवशी मी तुमच्या पत्रकावर विसंबणं सोडलं. जपून ठेवलेलं निम्मं रिफिल नव्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये घातलं. 100 मिली पाण्यात विरघळेल तेवढं, म्हणजे सुमारे 36 ग्रॅम, मीठ विरघळवून द्रावण केलं. मेडिकलमधून सिरिंज आणली. मेण पूर्ण वितळल्यावर एकेक मिली घालायचं, अर्धा तास थांबायचं, वहीत नोंद करायची. तीन रात्री. अकराव्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी कोंब आला, मान लांबली, तुटली. घरात सगळे झोपलेले. मी एकटीच अंधारात टाळ्या वाजवल्या.

आणि तिथेच, त्या लाल उजेडात, तुम्ही मला दिसलात. कोणत्या तरी टेबलाशी बसलेले, दिवा कधी हातात न घेतलेले, ‘एका पानात बसव’ असं सांगितलेले. शिवाय खरं सांगायचं तर नेमका आकडा तुम्हालाही देता आला नसता. प्रत्येक जुन्या बाटलीतलं मेण वेगळं, त्यातलं तेल वेगळं उडालेलं. तुम्ही ‘थोडंसं’ लिहिलंत. मीही लिहिते. सात वर्षं एका साप्ताहिकात माझं पाककृतींचं सदर आहे आणि प्रत्येक कृतीत साहित्याच्या यादीत शेवटी एकच ओळ: मीठ चवीनुसार. तीन वर्षांपूर्वी परदेशात शिकायला गेलेल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘ताई, आमटीची चव कशी असायला हवी हेच मला आठवत नाही, मग चवीनुसार कसं घालू?’ मी ते पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. आम्ही हसलो होतो. उत्तर पाठवलं नव्हतं.

तर विनंती एवढीच. पुढच्या छपाईत आकडा नसला तरी रीत द्या: द्रावण कसं करायचं, एका वेळी किती घालायचं, किती वेळ थांबायचं. जागा नसेल तर पत्रकाची मागची बाजू कोरी आहे. शेगडीची ओळ मात्र पुढच्या बाजूला, वर.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, प्रमाण असावे ही विनंती.

आपली,
एक पाककृतीलेखिका, पुणे

ता. क. आमच्या दिव्याला 23 मिली लागलं. त्या मुलाला काल उत्तर पाठवलं: चार माणसांच्या आमटीला सपाट सव्वा चमचा, चहाचा.