हाना म्हंजे फूल

आमच्या आणि आत्याबाईंच्या अंगणात मधी कमरेइतकी दगडी भिंत आहे. कळंब तालुक्यातल्या अर्ध्या बातम्या तिच्यावरूनच इकडून तिकडं जातात, असं आमचे हे म्हणतात. परवा सकाळी मी तुरी पाखडत बसले होते, तर पलीकडून हाक आली.

"काय गं, तुज्या नातवाला काय झालंय? सकाळधरनं 'हाना, हाना' म्हनूलालंय. कुनाला हानायचंय त्याला?"

"कुणाला नाही हो. जपानी शिकूलालंय. हाना म्हंजे फूल."

"फूल?" आत्याबाईंनी पदर खोचला. म्हणजे आता तासभर तरी निश्चिंती. "मग हानायचं असलं तर काय म्हनतेत ती लोकं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. नातू तिसरीत. शाळेत गुरुजींनी गाडीवाटची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून यानं बापाच्या मोबाइलचा पिच्छा पुरवलाय.

"गाडीवाट कुटं आलं?"

"संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटर. जिल्हा परिषदेचीच शाळा, आपल्यासारखी. 2019च्या सप्टेंबरात तिथल्या चौथी ते आठवीच्या पोरांना विचारलं, बाहेरदेशची भाषा शिकायची तर कंची? मास्तरांना वाटलं, इंग्लिशच्या जवळपासचं काहीतरी सांगतील. पोरं म्हणाली, जपानी."

"कशापायी?"

"रोबो करायचे म्हणून. माणसावाणी काम करणारं यंत्र असतं ते."

"खुरपतंय का?"

"शिकवलं तर खुरपंल."

"मग एक आन म्हनावं त्याला. बाया मिळंनात."

पुढचं ऐकायला त्या भिंतीवर रेलल्या. पुढं कोरोना आला, शाळा बंद पडली. शहरातल्या सुनील जोगदेव नावाच्या भाषातज्ज्ञांच्या कानावर ही हकिकत गेली, तर त्यांनी त्या पोरांना मोबाइलवरून फुकट शिकवलं. सगळ्यांच्या घरी कुठला आलाय तसला मोबाइल? ज्यांच्याकडं होता ती पोरं आज शिकायची आणि उद्या बाकीच्यांना शिकवायची. 'विषय मित्र' म्हणायचे त्यांना. मला यातलं हेच जास्त आवडलं. आपल्याकडं पोराला एक शब्द जास्त आला की आई शेजारणीला तो ऐकू येऊ देत नाही.

"त्यापरीस जर्मन बरं," आत्याबाई म्हणाल्या. "गुरुजी मनत होते मागं, सरकार जर्मन शिकवनार हाय."

"हाव, 2024च्या फेब्रुवारीत करार झालाय. तिकडच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कामगार कमी पडूलालेत. पहिल्यांदा दहा हजार पोरं पाठवायची, त्याच्या आधी भाषा शिकवायची, असं ठरलंय."

"मला वाटलं पातेली करायचा कारखाना." त्यांच्या घरात ॲल्युमिनियमला अजून जर्मनच म्हणतात. चुलीवर चहाचं भगुनं होतं तेही जर्मनचं. त्याच्याकडं बघत त्या गप्प झाल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "आमच्या मालकाला बी असंच परकं शिकवलंतं. पन इचारून न्हवं."

त्यांचे मालक, म्हणजे आमचे मामा, निजामाच्या काळातले. खालच्या वर्गाला मराठी असायचं, पुढं वस्तानिया आणि फौकानिया म्हणजे सगळं उर्दूतून. हिशेब उर्दूत, भूगोल उर्दूत. त्याच्याही वर शिकायचं तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ, तेही 1918पासून उर्दूतलंच. 17 सप्टेंबर 1948ला निजाम गेला आणि मामांचं शिकणं अर्ध्यात लटकलं. मराठीच्या अर्जाला मग त्यांना दुसऱ्याच्या पाया पडावं लागे. आयुष्यभर म्हणायचे, माझी साक्षरता बुडीत खात्यात गेली.

"आन् बुडीत कुटं गेली?" आत्याबाईंचा आवाज चढला. "तुला ठावं हाय ना, कुणबी नोंदीचं?"

ठाऊक कसं नसणार. 2023ला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, कुणबी नोंदींसाठी कचेऱ्यांतली निजामकाळची कागदं धुंडाळायला लागली. काही मोडीत, काही उर्दूत. वाचणारा माणूस हुडकत फिरायची पाळी आली.

"मालक असते तर जीप आली असती दारात. खुर्ची टाकून बसीवलं असतं." त्यांनी डोळ्याला पदर लावला, चुलीचा धूर होता म्हणून सोडून देऊ. "उर्दू म्हनत हुती, थांब, येते."

मी मात्र इंग्लिशवर आले. 2000च्या जूनला पहिलीपासून इंग्लिश आलं. आमचा थोरला त्याच साली पहिलीत. शिकवणाऱ्याचं इंग्लिश पाचवीला सुरू झालेलं, तेही पाठ करून. पोराला सव्वीस अक्षरं आली, वाक्य अजून येत नाही. तोच आता तिसरीतल्या लेकाला जपानी शिकू देतोय.

"पन आपल्याला येईल का ते?" आत्याबाईंनी विचारलं.

इथं नातवानं तोंड घातलं. वाताशि वा मिझु ओ नोमिमास. वाताशि म्हंजे मी, मिझु म्हंजे पाणी, नोमिमास म्हंजे पितो. मी पाणी पितो. आधी मी, मग पाणी, पिणं शेवटी. आपली वाक्यं जशी बसतात तशीच. इंग्लिश पाण्याच्या आधी पिऊन मोकळं होतं, तेच पोरांना अवघड जातं. अक्षरंही आमच्या बाराखडीच्या चालीवर: अ, इ, उ, ए, ओ, मग क, कि, कु, के, को. बौद्ध भिक्खूंबरोबर आपली वर्णमाला चीनमार्गे तिकडं गेली, तिच्यावरून ही रांग लागलीय. असली सेहेचाळीस. चिनी चित्रांची अक्षरं वेगळीच, रोजच्या वापराचीच 2,136. ते मी पोराला अजून सांगितलेलं नाही.

"आन् होय म्हनायचं असलं तर?"

"हाय," नातू म्हणाला.

"हाय म्हंजे?"

"हाय म्हंजे होय."

"मंग वेगळं काय शिकूलालास रं?"

एवढ्यात त्यांची शेळी भिंतीवर पाय रोवून माझ्या तुरीकडं बघायला लागली. उस्मानाबादी शेळीला भिंत म्हणजे पायरी. तिला हाकलण्यात सुपातली मूठभर तूर सांडली आणि गप्पा तिथंच राहिल्या.

काल सकाळी देवपूजेच्या वेळेला पलीकडून हाक आली. आत्याबाईंच्या दारातली जास्वंद त्यांच्या हाताला पुरत नाही.

"अरं ए, देवीला जरा हाना तोडून दे की."

"हाय," म्हणून पोरगं भिंतीवरून गेलं.